डोळा मारणं बंद करणारं इंजेक्शन : एका साडीवाल्याचा अभिप्राय

सांगलीत आमचं साड्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. गादीवर मी बसतो, घड्या मी मोडतो, भावाची घासाघीसही माझ्याच गळ्यात. अशा माणसाचा डावा डोळा दिवसभर आपोआप मिचकायला लागला तर काय होतं, याची कल्पना करून बघा. गिऱ्हाईक जवळपास सगळं बायकांचं.

सुरुवात खालच्या पापणीपासून झाली. आईनं लगेच निदान केलं, पुरुषाचा डावा डोळा लवणं चांगलं नाही. मी म्हटलं जागरणामुळे असेल. पण काही महिन्यांत उबळ गालावर उतरली, मग ओठाचा कोपराही वर ओढला जायला लागला. झोपेतसुद्धा थांबत नाही, असं आमच्या मंडळींनी बघून सांगितलं. एका बस्त्याच्या वेळी मी शालूचा भाव सांगितला आणि नेमका त्याच क्षणी डोळा बारीक झाला. नवरीच्या आत्यानं शेजारच्या बाईंना कोपरानं ढोसलं, "बघा, काका खुणावतायत. अजून सोडतील." सोडावे लागले. हे परवडलं. सुनेला घेऊन आलेल्या एक सासूबाई माझ्याकडे दोनदा रोखून बघून "चल गं, पुढच्या दुकानात बघू" म्हणत उठल्या, ते मात्र जिव्हारी लागलं.

तर हा अभिप्राय आहे बोटुलिनम टॉक्सिन टाइप ए या इंजेक्शनचा. लोक सरसकट बोटॉक्स म्हणतात, पण ते एका कंपनीच्या मालाचं नाव. बाजारात आणखीही आहेत. मी कुठलं घेतलं ते लिहीत नाही. सुरकुत्या घालवणाऱ्यांनी पुढे वाचलं तरी चालेल, पण हे त्यांच्यासाठी लिहिलेलं नाही.

माझ्या दुखण्याला हेमिफेशियल स्पाझम म्हणतात. मेंदूच्या देठातून चेहऱ्याची नस जिथून बाहेर पडते, तिथे बहुतेकदा एखादी रक्तवाहिनी तिला टेकलेली असते. ठोक्यागणिक नसेला डिवचलं जातं आणि नस नको तेव्हा स्नायूंना हुकूम सोडत राहते. मिरजेच्या डॉक्टरांनी एमआरआयमध्ये ती वळलेली वाहिनी पेन्सिलीनं दाखवली. पर्याय तीन. गोळ्या, ज्या घेऊन मी गादीवरच पेंगायला लागलो. कवटीला छोटं छिद्र पाडून वाहिनी आणि नस यांच्यात गादी घालायची शस्त्रक्रिया, जी मुळावरचा उपाय आहे, पण माझी अजून तयारी नाही. आणि हे इंजेक्शन.

आता बाटलीबद्दल. औषध रुग्णालयाच्याच मेडिकलमधून घ्यायचं असतं. 2 ते 8 अंश तापमानात ठेवलेला माल, म्हणून थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशवीसकट हातात मिळतो. बाटली उजेडात धरली तर चक्क रिकामी दिसते. मी धंदेवाला माणूस, पहिला विचार तोच आला जो तुमच्या मनात आला. डॉक्टर हसले. तळाला पातळसा थर असतो, तोही मुख्यतः मीठ आणि मानवी अल्ब्युमिनचा. खरं औषध डोळ्याला दिसण्याइतकं नसतंच. औषध म्हणजे एक प्रथिन, आणि 100 युनिटच्या बोटॉक्सच्या बाटलीत ते सुमारे 5 नॅनोग्रॅम असतं, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढ्या कमी मालाचे एवढे पैसे मी आयुष्यात कशाला दिले नव्हते.

मग डॉक्टरांनी सलाइनची सिरिंज बाटलीच्या रबरी बुचात खुपसली आणि दट्ट्यावरचा अंगठा काढून घेतला. सलाइन आपोआप आत खेचलं गेलं. बाटलीत निर्वात असतो. "हे खेचलं गेलं नसतं तर बाटली परत केली असती, काका," ते म्हणाले. नंतर बाटली हलवायची, पण खसाखसा नाही, हळूच फिरवायची. ही परीक्षा समोर करून दाखवणारा डॉक्टर मिळाला, तर निम्मं काम झालं समजा.

हे औषध नेमकं करतं काय, हे कळल्याशिवाय याचा भाव वाजवी की गैरवाजवी ते ठरवताच येत नाही. मी विलिंग्डन कॉलेजातून झूलॉजी घेऊन बी.एस्सी. केलं आहे. साड्या विकायला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, इथे झाला.

पेशीच्या आत तयार झालेला माल बाहेर कसा जातो? पेशीचं पटल तेलकट, त्यातून मोठे किंवा विद्युतभारित रेणू सहजी पार होत नाहीत. म्हणून माल आधीच पुटिकांमध्ये, म्हणजे पटलाच्याच बारीक पिशव्यांमध्ये भरून ठेवलेला असतो. पुटिका आतून बाहेरच्या पटलाला येऊन टेकते, दोन्ही पटलं एक होतात, तोंड उघडतं आणि माल बाहेर पडतो. याला एक्सोसायटोसिस म्हणतात. स्वादुपिंडातलं इन्सुलिन, पोटातले पाचकरस, सगळं याच रस्त्यानं बाहेर पडतं. नसेच्या टोकाला या पुटिका अतिशय लहान, जेमतेम 40 ते 50 नॅनोमीटरच्या, आणि प्रत्येकीत ॲसिटिलकोलिनचे, म्हणजे नसेचा हुकूम स्नायूपर्यंत नेणाऱ्या रसायनाचे, काही हजार रेणू. नसेतून संदेश आला की कॅल्शियम आत शिरतं, पुटिका उघडतात, ॲसिटिलकोलिन स्नायूवर पडतं, स्नायू आखडतो. डोळा मिटतो.

आम्ही शिकलो तेव्हा पुस्तकात इथेच पूर्णविराम होता. बर्नार्ड कॅट्झ यांनी बेडकाच्या स्नायूवर प्रयोग करून दाखवलं होतं की ॲसिटिलकोलिन सलग वाहत येत नाही, ठरावीक मापाच्या हप्त्यांत सुटतं. त्यांना 1970 मध्ये नोबेल मिळालं, त्यामुळे परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. पण दोन पटलं एक होतात ती कशामुळे, हे सरांनाही सांगता येत नव्हतं, कारण तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

उत्तर आलं ते 1990 च्या सुमारास. पुटिकेवर सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचं प्रथिन असतं, बाहेरच्या पटलावर सिंटॅक्सिन आणि स्नॅप-25 ही दोन. सुताच्या पदरांना पीळ बसतो तसा या तिघांचा एकमेकांभोवती पीळ बसत जातो, आणि त्या ओढीनं दोन्ही पटलं एकमेकांवर दाबली जातात. कॅल्शियम आल्याची वर्दी सिनॅप्टोटॅग्मिन हे आणखी एक प्रथिन देतं. त्यानंतर मिलिसेकंदभराच्या आत पुटिका उघडते. रॉथमन, शेकमन आणि सुडॉफ या तिघांना 2013 चं नोबेल पुटिकांची ही सगळी वाहतूक उलगडून दाखवल्याबद्दल मिळालं. त्यातल्या शेकमन यांनी आपलं काम पाव फुगवायच्या यीस्टवर केलं, हे वाचून मला फार बरं वाटलं.

आणि हे इंजेक्शन काय करतं? स्नॅप-25 ची शेपटी कापतं. 206 अमिनो आम्लांच्या साखळीतली शेवटची फक्त 9. बास. पुटिका भरलेली, पटलाला टेकलेली, कॅल्शियमही आलेलं, पण पीळ पुरा बसत नाही आणि माल आतच राहतो. नस मरत नाही, स्नायूला इजा होत नाही, स्पर्श जात नाही. गालावर माशी बसली तर कळतं. फक्त हुकूम पोहोचत नाही.

आत शिरण्याची त्याची पद्धत तर कमाल आहे. रिकामी झालेली पुटिका पुन्हा वापरायची असते, म्हणून नस ती आत ओढून घेते. मधल्या काळात पुटिकेची आतली बाजू क्षणभर बाहेर उघडी पडलेली असते. हे टॉक्सिन म्हणजे मुळात विषच, ते नेमकं तिथल्या एका प्रथिनाला धरतं आणि पुटिकेबरोबर आत जातं. पुन्हा माल भरायचा म्हणून नस पुटिकेच्या आत आम्लता वाढवते, आणि त्याच आम्लतेमुळे विषाचा कापणारा तुकडा पुटिकेतून बाहेर, पेशीद्रवात सरकतो. याचा अर्थ असा की जी नस जास्त काम करते, तिच्या पुटिका जास्त फिरतात आणि ती विषही जास्त घेते. दिवसभर डोळे मारणारी माझी नस या बाबतीत आघाडीवर असणार.

टोचण्याबद्दल सगळे विचारतात. सुई इन्सुलिनच्या सिरिंजची, अगदी बारीक. आधी बर्फ लावतात. "काका, डोळे घट्ट मिटा. आता दात दाखवा. आता गाल फुगवा." असं करवून घेत पेनानं खुणा केल्या, मग पापणीच्या दोन टोकांना, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला, खालच्या पापणीला आणि थोडं गालात. वरच्या पापणीच्या मध्यभागी मुद्दाम टोचत नाहीत, कारण पापणी उचलणारा स्नायू तिथे आहे. तो गप्प झाला तर डोळाच झाकून बसायचा. पापणीचं टोचणं चुरचुरतं, डोळ्यातून पाणी येतं, गालाचं काहीच नाही. सगळं मिळून चहा निवायच्या आत आटोपलं. नंतर काही तास चोळायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही. मी तिथून थेट दुकानात आलो.

त्या दिवशी काहीच फरक नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरात "पैसे पाण्यात" असा सूर निघालाच. कापाकापीला वेळ लागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी झटक्यांचा जोर उतरायला लागला आणि आठवडा उलटून गेल्यावर एका दुपारी लक्षात आलं की सकाळपासून डोळा एकदाही लवलेला नाही. पूर्ण गुण दोन आठवड्यांच्या आसपास येतो. त्याआधी डॉक्टरांना फोन करून भांडू नका.

तक्रारी आता. पहिल्या वेळी गालातला डोस माझ्या चेहऱ्याला जरा जास्त झाला आणि हसलो की तोंड उजवीकडे जायचं. फोटोत मी कुणाला तरी टोमणा मारतोय असा दिसतो. पुढच्या वेळी डॉक्टरांनी गालातले युनिट कमी केले, ते गेलं. डावा डोळा पहिले काही आठवडे पुरता मिटत नव्हता. स्कूटरवर धूळ जायची, संध्याकाळी कोरडा पडायचा. डोळ्यात टाकायचे थेंब आणि गॉगल, एवढ्यावर निभावलं. दर वेळी एखाद्या जागी निळा डाग पडतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तो मोठा पडू शकतो, आधी सांगा.

सगळ्यात मोठी तक्रार, हे टिकत नाही. तीन महिने, फार तर थोडे जास्त. पण हा मालाचा दोष नाही, मालाचं स्वरूपच तसं आहे. नस जिवंत आहे, ती नवं स्नॅप-25 बनवत राहते. आधी तर ती शेजारून नवे कोंब फोडून तात्पुरता जोड साधते, मग मूळ टोक सावरलं की ते कोंब मागे घेते. पेशी आपला धंदा बंद ठेवायला तयार नाही, आणि त्या वाहिनीचं नसेला टेकणंही चालूच आहे. जो कुणी "एकदा घ्या, कायमचं बरं व्हाल" सांगेल, त्याच्याकडून घेऊ नका. लवकर परिणाम ओसरला म्हणून दोन महिन्यांत पुन्हा टोचून घ्यायचा हट्टही करू नका. वारंवार घेतलं तर शरीर त्याच्या विरोधात प्रतिपिंडं तयार करू शकतं आणि मग इंजेक्शन लागूच पडत नाही. 12 आठवड्यांचं अंतर राखतात ते यासाठी.

किमतीचं सांगायचं तर माझं बिल दर वेळी दहा ते पंधरा हजारांच्या दरम्यान येतं. लहान बाटली घेतली तरी माझ्या चेहऱ्याला ती पूर्ण लागत नाही, आणि उरलेलं औषध पुढच्या खेपेला ठेवता येत नाही, कारण एकदा सलाइन घातलं की ते टिकत नाही. हा खर्च मला खुपतो. उरलेला तागा फेकून द्यायची आम्हाला सवय नाही.

युनिट हा शब्द नीट समजून घ्या. एक युनिट म्हणजे उंदरांच्या गटातले निम्मे उंदीर मरतील एवढी मात्रा. होय, माप तसंच ठरलं आहे. 2011 पासून बोटॉक्सच्या कंपनीला अमेरिकेत उंदरांऐवजी पेशींवर चाचणी करायची परवानगी आहे; त्यात स्नॅप-25 किती कापलं गेलं तेच मोजतात, म्हणजे माल जे काम करतो नेमकं तेच तपासलं जातं. पण वेगवेगळ्या कंपन्यांचे युनिट एकसारखे नसतात. बोटॉक्सचं एक युनिट आणि डिस्पोर्ट या दुसऱ्या कंपनीच्या मालाचं एक युनिट यांत मोठा फरक आहे. म्हणून "तिकडे जास्त युनिट देतात" यावर भाळू नका.

मी आधी एका सौंदर्य क्लिनिकमध्येही चौकशी केली होती. सोफा मऊ, पाणी गार, पण कुठली कंपनी आणि किती युनिट विचारलं तर "सर, आमचा रेट जागेवर असतो" एवढंच उत्तर. माप न सांगता विकणाऱ्याकडून मी कापडही घेत नाही, विष कुठून घेणार? चेहऱ्याच्या उबळीसाठी मेंदूविकारतज्ज्ञ किंवा डोळ्यांचे डॉक्टर गाठा. गंमत अशी की हे औषध मुळात डोळ्यांसाठीच आलं. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी ते वापरून पाहिलं आणि 1989 च्या डिसेंबरात अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या उबळीसाठी. सुरकुत्यांचा नंबर 2002 मध्ये लागला. पण बाजार त्यांचा मोठा, त्यामुळे माझं दुखणं सांगितलं की लोक "वा, या वयात बोटॉक्स!" म्हणतात.

विष म्हणून ते त्याहून कितीतरी जुनं. जर्मनीतल्या वुर्टेमबर्गमध्ये खराब सॉसेज खाऊन माणसं लुळी पडून मरायची. युस्टिनुस केर्नर या डॉक्टरानं 1820 च्या सुमारास त्याची बारकाईनं नोंद केली आणि अगदी थोड्या मात्रेत हेच औषध होऊ शकेल असंही लिहून ठेवलं. 1895 मध्ये बेल्जियमच्या एलेझेल गावी एका अंत्यविधीनंतर वादकांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं आणि त्यातले काही दगावले. त्या मांसातून व्हान एर्मेंगेम यांनी हे विष बनवणारा जंतू शोधून काढला. धनुर्वाताचं विष याच घराण्यातलं, पण कापतं सिनॅप्टोब्रेव्हिन, आणि तेही मज्जारज्जूत, स्नायूंना आवर घालणाऱ्या पेशींमध्ये. आवर घालणाऱ्यांचाच माल अडला की शरीर धनुष्यासारखं ताठतं. कात्री तीच, जागा बदलली की एकीकडे स्नायू ढिला आणि दुसरीकडे आखडलेला.

मला शुगरचीही एक गोळी आहे, ग्लिमेपिराइड. ती बरोबर उलट काम करते, स्वादुपिंडाच्या पेशीत कॅल्शियम शिरेल अशी व्यवस्था करते आणि इन्सुलिनच्या पुटिका उघडायला लावते. म्हणजे सकाळी एक दार उघडायची गोळी खातो आणि तीन महिन्यांनी दुसरं दार बंद करायचं इंजेक्शन घेतो. आमच्या मंडळींना हे समजावून सांगितलं, त्या म्हणाल्या, "तुमच्या तोंडाचं पण काहीतरी बघा म्हणावं."

कुणी घेऊ नये तेही लिहितो. मायस्थेनिया ग्रॅव्हिस, म्हणजे स्नायू दुबळे करणारा आजार असेल तर, टोचायच्या जागी जंतुसंसर्ग असेल तर. गरोदर असाल तर आधी डॉक्टरांशी बोला. जेंटामायसिन, अमिकासिन या जातीची प्रतिजैविकं चालू असतील तर सांगा, त्यानं परिणाम वाढू शकतो. इंजेक्शननंतर गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर उशीर न करता रुग्णालय गाठा. असं क्वचित होतं, पण हे विष आहे हे विसरायचं नाही.

पाचपैकी चार गुण. एक गुण उरलेल्या बाटलीचा कापला. घेणाऱ्यांनी तारखेचा हिशोब मात्र धंद्याप्रमाणे करावा. मी दिवाळीच्या आधी घेतो, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतरचे बस्ते सुरू होतात तेव्हा गुण भरात असतो. पुढचं फेब्रुवारीत, उन्हाळ्यातल्या लग्नांसाठी. जून-जुलैत दुकान थंड असतं, तेव्हा थोडं लांबवलं तरी चालतं. आणि बिलावर कंपनी, बॅच नंबर, किती युनिट कुठे टोचले हे लिहून घ्या. डॉक्टर बदलायची वेळ आली तर तोच कागद उपयोगी पडतो. मेडिक्लेमवाल्यांनी माझा दावा "रुग्णालयात दाखल नव्हता" म्हणून परत पाठवला, तरी कागद जपून ठेवलेत.